ऐरोलीत घर किंवा गाळा घेताय? आधी जमीन कुणाची ते विचारा

ऐरोली विकणाऱ्याला फार बोलावं लागत नाही. ठाणे दोन स्टेशनांवर, पूल ओलांडला की मुलुंड, रूळ ओलांडले की माइंडस्पेस आयटी पार्क. नवी मुंबईच्या उत्तर टोकाला, पश्चिमेची ठाण्याची खाडी आणि पूर्वेचा पारसिकचा डोंगर यांच्या मधल्या पट्टीत हा नोड, म्हणजे आखून वसवलेला उपनगराचा भाग, बसला आहे. एजंट अंतरं सांगतात ती खरी असतात. पण इथे जागेचा भाव, बँकेचं कर्ज, नळाचं पाणी आणि दुकानाचा परवाना या चारही गोष्टी अंतरापेक्षा पायाखालच्या जमिनीवर जास्त ठरतात. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको महामंडळाचे सेक्टर, मूळ गावठाणं आणि एमआयडीसी, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहत, अशा तीन प्रकारच्या जमिनी इथे एकमेकींना चिकटून आहेत. एकाच गल्लीच्या डाव्या बाजूच्या इमारतीला कर्ज मिळतं आणि उजव्या बाजूच्या इमारतीला बँक दारातही उभी करत नाही. नव्याने येणाऱ्याला हे टोकन देण्याआधी कळायला हवं, म्हणून ऐरोलीचं हे परीक्षण मुख्यतः जमिनीच्या अंगाने केलं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. ज्याचं काम ठाणे, मुलुंड ते घाटकोपर, किंवा रबाळे-महापे या टापूत आहे, त्याला ऐरोलीइतकी सोयीची जागा या भावात मिळणं कठीण. ज्याला रोज अंधेरी-गोरेगाव गाठायचं आहे त्याने दोनदा विचार करावा. छोट्या धंद्याला ऐरोली चांगली आहे, पण गाळ्याची कागदपत्रं नीट असतील तरच.

प्रवास

ठाणे-तुर्भे-वाशी हा ट्रान्स-हार्बर मार्ग २००४ मध्ये प्रवाशांसाठी सुरू झाला आणि ऐरोलीचं रूप पालटलं. ठाण्याला या गाड्या ९ आणि १० नंबरच्या फलाटांवर लागतात. गाडीत बसल्यावर ऐरोली-ठाणे दहा मिनिटांचा प्रवास. मात्र पुढे दादरकडे जायचं तर ठाण्यात पूल चढून जलद गाडीच्या फलाटावर जाणं आलं. सकाळच्या गर्दीत त्यालाच दहा-पंधरा मिनिटं धरा. इथे राहणाऱ्याचा एक फायदा जाहिरातीत कधी येत नाही. सकाळी कल्याण-डोंबिवलीकडचे नोकरदार ठाण्यात उतरून ऐरोली-घणसोलीच्या कंपन्यांकडे निघतात, त्यामुळे मोठी गर्दी ठाण्याहून इकडे येणाऱ्या गाड्यांना असते. ऐरोलीहून ठाण्याला जाणारा त्या गर्दीच्या उलट दिशेने जातो. संध्याकाळीही हेच उलट क्रमाने.

कल्याणकरांना ठाण्यात न उतरता थेट इकडे येता यावं म्हणून कळवा-ऐरोली उन्नत मार्ग आखला आहे. त्यातलं दिघा गाव स्टेशन १२ जानेवारी २०२४ ला सुरू झालं, पण मुख्य जोडमार्ग मार्गातल्या वस्तीच्या पुनर्वसनावर अडला. त्याच्या भरवशावर आजचा भाव देऊ नका. ऐरोली-काटई रस्त्याचंही तसंच. पारसिकच्या डोंगरातून बोगदा काढून हा रस्ता कल्याण-शिळच्या बाजूला नेण्याची योजना आहे. तो पूर्ण झाला की डोंबिवली जवळ येईल हे खरं, पण तिकडची मुंबईकडे जाणारी वाहनंही ऐरोलीच्या पुलावर येतील. पुलाच्या जोडरस्त्याला लागून फ्लॅट बघत असाल तर ही दुसरी बाजू हिशोबात घ्या.

मुलुंड-ऐरोली पूल १९९९ चा. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला आणि त्यात ऐरोलीचा नाकाही आला. रोज कारने जाणाऱ्याचे पैसे वाचले. वेळ मात्र वाचतोच असं नाही, कारण कोंडी टोलपेक्षा पुलाच्या दोन तोंडांशी होते. एकीकडे पूर्व द्रुतगती महामार्गाचा सिग्नल, दुसरीकडे ठाणे-बेलापूर रस्त्याची वळणं.

आणि विमानतळ. तो उलवे भागात, शहराच्या दक्षिण टोकाला आहे. बेलापूर-पेंधर मेट्रोही तिकडेच. ऐरोलीतल्या फ्लॅटचा भाव कुणी विमानतळाच्या नावाने वाढवून सांगत असेल तर नकाशा उघडून मधलं अख्खं शहर दाखवा. ऐरोलीची ताकद ठाणे आणि मुलुंडची जवळीक ही आहे, आणि भाव तिचाच द्यावा.

नोडच्या आतलं एक अंतर मात्र स्वतः चालून बघा. स्टेशन पूर्वेच्या कडेला आहे आणि खाडीकडचे सेक्टर तिथून दोन किलोमीटरच्या आसपास. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' याचा अर्थ बहुतेक वेळा रिक्षाने पाच मिनिटं असा असतो. एनएमएमटीच्या, म्हणजे महापालिकेच्या, बसही आहेत, पण सकाळी ज्या वेळेला निघायचं त्याच वेळेला थांब्यावर उभं राहून बघितल्याशिवाय त्यांचा भरवसा धरू नका.

जमिनीचे प्रकार आणि त्यांचे कागद

सिडकोची स्थापना १९७० ची. तिने दिलेली जमीन विकलेली नसते, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली असते. म्हणजे ऐरोलीच्या सेक्टरमधलं 'मालकीचं घर' म्हणजे इमारतीतली जागा तुमची आणि जमीन पट्ट्याची. यात घाबरण्यासारखं काही नाही, सगळी नवी मुंबई अशीच उभी आहे. मात्र काही प्रश्न विचारावेच लागतात. पट्टा कोणत्या तारखेपासून सुरू झाला आणि किती वर्षं उरली? सोसायटीच्या नावे भाडेपट्टा झाला आहे का, की अजून बिल्डरच्याच नावे आहे? या घरासाठी सिडकोचं हस्तांतरणाचं ना हरकत पत्र लागतं का, आणि लागत असेल तर हस्तांतरण शुल्क कोण भरणार? या शेवटच्या प्रश्नावरून ऐन नोंदणीच्या आठवड्यात भांडणं होतात, कारण ही रक्कम घराच्या प्रकारावर आणि क्षेत्रफळावर ठरते आणि दोघांनीही ती धरलेली नसते. टोकनच्या कागदावरच एक ओळ लिहून घ्या.

दुसरा घोळ कार्यालयांचा. जमीन सिडकोची, पण १ जानेवारी १९९२ पासून कारभार नवी मुंबई महानगरपालिकेचा. बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, महापालिकेच्या नगररचना विभागाकडून येतं. पट्टा आणि हस्तांतरण सिडको भवनातून. एका कार्यालयाचा कागद दाखवून 'सगळं क्लिअर आहे' म्हणणारा एजंट अर्धंच सांगतो.

सिडकोने स्वतः बांधलेल्या जुन्या वसाहतींत अनेक ठिकाणी गृहनिर्माण सोसायटी नसते. तिथे १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली असोसिएशन असते. तिथे शेअर सर्टिफिकेट मागाल तर मिळणार नाही, अपार्टमेंटचं डीड मागायचं. सोसायटीला हस्तांतरण प्रीमियम महापालिका हद्दीत २५,००० रुपयांच्या वर घेता येत नाही आणि भाड्याने दिलेल्या घराचं बिनवहिवाट (नॉन-ऑक्युपन्सी) शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपुरतंच असतं. असोसिएशनमध्ये मात्र तिचे स्वतःचे नियम बघावे लागतात.

रो-हाउस आणि बैठ्या चाळी हे ऐरोलीचं खास आकर्षण आहे. जमिनीला लागून घर, पुढे दोन फुटांचं अंगण, वर गच्ची. पण यातल्या अनेक घरांवर नंतर एक-दोन मजले चढले आहेत. मूळ भिंती शेजाऱ्याशी सामायिक आणि पाया एका मजल्याच्या हिशोबाने घातलेला. शेजाऱ्याने घर पाडून नवं बांधायला घेतलं की सामायिक भिंतीला तडे जातात, तिथून पावसाचं पाणी शिरतं आणि वाद सुरू होतो. अशा घरात मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम शेजारी ठेवून मोजा. बँक मंजूर क्षेत्रफळाचंच मूल्य धरते, वरच्या खोल्यांचे पैसे तुम्हाला रोख उभे करावे लागतात, आणि उद्या नोटीस आली तर ती वरच्याच खोल्यांना येते. रचनेच्या इंजिनिअरकडून एक तपासणी करून घेण्याचा खर्च घराच्या किमतीपुढे नगण्य आहे.

गावांना लागून साडेबारा टक्के योजनेचे भूखंड आहेत. शहरासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्या प्रकल्पग्रस्तांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची ही योजना. सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के कापून हातात पावणेनऊ टक्के येतात. या भूखंडांवरच्या इमारती कायदेशीर असू शकतात आणि बऱ्याच आहेतही. इथे बघायचा कागद म्हणजे सिडको, मूळ भूखंडधारक आणि बिल्डर यांच्यातला त्रिपक्षीय करार. मूळ धारकांत वारस अनेक असतात. सगळ्यांच्या सह्या आहेत का ते वकिलाला बघू द्या. एक बहीण सुटलेली असते आणि दहा वर्षांनी कोर्टाचा समन्स सोसायटीच्या दारात येतो.

आता गावठाण. ऐरोली गाव, दिवा, चिंचपाडा, गोठिवली, रबाळे ही आगरी-कोळ्यांची गावं शहराच्या कितीतरी आधीची आहेत. शेतं आणि मिठागरं शहराला गेली, कुटुंबं वाढली, आणि गावठाणाची हद्द त्या मानाने वाढली नाही. म्हणून गावकऱ्यांनी घरं वाढवली. सरकारदरबारी त्यांना 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतात आणि ती नियमित करण्याची मागणी न्याय्य आहे. पण त्या मागणीच्या आडोशाने बाहेरच्या बिल्डरने मालकाशी 'फिफ्टी-फिफ्टी' करून उभारलेली सात मजली इमारत ही वेगळी गोष्ट आहे. तिला बांधकाम परवानगी नसते, ओसी नसते, मजबुतीचा कागद नसतो. फ्लॅट शेजारच्या सेक्टरपेक्षा बराच स्वस्त मिळतो आणि व्यवहार बहुतेकदा नोटरीच्या कागदावर होतो. नोटरीचा कागद म्हणजे खरेदीखत नव्हे. त्यावर राष्ट्रीयीकृत बँक कर्ज देत नाही, म्हणून महागडं खासगी कर्ज गळ्यात पडतं. शेजारच्या दिघ्यात सिडको आणि एमआयडीसीच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या ९९ बेकायदा इमारतींवर कारवाई करायला मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं, तेव्हा फ्लॅटचे पूर्ण पैसे मोजलेली कुटुंबं रस्त्यावर आली. पैसे घेऊन गेलेला बिल्डर तोवर तिथे नव्हता. गावठाणात विकत घेऊ नका, हे आम्ही कुठलीही आडपडदा न ठेवता सांगतो.

भाड्याने राहायला मात्र गावठाण वाईट नाही. भाडं कमी, डिपॉझिट कमी, स्टेशन किंवा कंपनी जवळ आणि मासळी दारात. घर घेताना वीजमीटर खोलीच्या नावावर स्वतंत्र आहे की उपमीटर, पाणी नळाचं की टँकरचं, आणि अग्निशमनाची गाडी गल्लीत शिरेल का, एवढं बघा. एका जिन्यावर वीस खोल्या आणि तळाला स्कूटरची रांग असेल तर पुढची इमारत बघा.

भाडेकरार कुठल्याही जमिनीवर असो, नोंदणी करून घ्या. मुद्रांक शुल्क करारातल्या एकूण भाड्याच्या आणि डिपॉझिटवरच्या वार्षिक १० टक्के गृहीत व्याजाच्या बेरजेवर पाव टक्का, नोंदणी फी १,००० रुपये. मालक नोटरी करू म्हणाला तर नाही म्हणा. कायद्याने नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन देता येते, तीही त्याच दिवशी देऊन टाका. विकत घेणाऱ्याने मुद्रांक शुल्क ७ टक्के आणि नोंदणी फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये धरावी. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर मुद्रांकात १ टक्का सवलत मिळते.

पाणी, हवा, वास

महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण ही नवी मुंबईची मोठी मिरास. पण मोरबे खालापूरकडे, आणि ऐरोली-दिघा जलवाहिनीच्या शेवटाला. त्यामुळे या पट्ट्यातल्या काही भागाला एमआयडीसीचं बारवी धरणाचं पाणी मिळतं. दोन्ही पाणी चांगलं आहे, फरक बंदच्या दिवसांत पडतो. दुरुस्तीसाठी मोरबेची लाइन बंद असेल तेव्हा एका सोसायटीत पाणी नसतं आणि समोरच्या सोसायटीत असतं. घर बघताना पाणी कुठल्या लाइनचं, किती वाजता येतं आणि तळटाकीत किती लिटर मावतं, हे सेक्रेटरीपेक्षा पंप चालवणाऱ्या माणसाला विचारा.

हवेबद्दल खरं बोललं पाहिजे. पूर्वेला कारखाने, पश्चिमेला खाडी. हिवाळ्यात वारा पडला की रात्री उशिरा काही भागांत रसायनाचा वास येतो आणि ओहोटीला खाडीकाठी चिखलाचा. दुसरा निरुपद्रवी आहे, पहिला नाही. ऐरोलीत हवा मोजणारं केंद्र आहे आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर त्याचे आकडे दिसतात. घर घेण्याआधी डिसेंबर-जानेवारीतले काही दिवस ते बघा. घरात दम्याचं माणूस असेल तर ठाणे-बेलापूर रस्त्यापासून जितकं पश्चिमेला जाल तितकं बरं.

धंदा करायचा असेल तर

ऐरोलीत गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं आहे आणि ते एकमेकांत मिसळत नाही. स्टेशनाच्या आणि कंपन्यांच्या बाजूला नोकरदार: सोमवार ते शुक्रवार, दुपारी साडेबारा ते तीन, परत संध्याकाळी सहाच्या पुढे. सेक्टरांच्या आत राहणारं कुटुंबाचं गिऱ्हाईक: संध्याकाळी आणि शनिवार-रविवार. पोळीभाजी केंद्र, झेरॉक्स, मोबाइल दुरुस्ती पहिल्यावर चालतात; क्लिनिक, क्लासेस, पाळणाघर, किराणा दुसऱ्यावर. घरून काम करण्याच्या सोयीमुळे सोमवार आणि शुक्रवार पूर्वीइतके भरत नाहीत, म्हणून पहिल्या प्रकारच्या धंद्याने आठवड्याची विक्री मंगळवार ते गुरुवारच्या आधारावर धरू नये. शिवाय मोठ्या कंपन्यांच्या आवारात त्यांची खाण्याची दालनं असतात. गेटच्या बाहेर किती माणसं खरोखर येतात हे एका मंगळवारी आणि एका सोमवारी उभं राहून मोजा.

खाण्याचा धंदा असेल तर गाळ्याची तपासणी चुलीपासून सुरू करा. धुराची चिमणी गच्चीच्या वर नेण्यासाठी डक्ट आहे का? नसेल तर सोसायटी पहिल्या मजल्याच्या खिडकीखाली पाइप काढू देणार नाही, आणि न देणं बरोबरच आहे. भाडं सुरू झाल्यावर तीन महिने चिमणीच्या वादात गेलेले गाळे ऐरोलीत थोडे नाहीत. गॅस सिलिंडरवर चालवणार असाल तर एका वेळी १०० किलोपर्यंतचा एलपीजी विनापरवाना ठेवता येतो, म्हणजे १९ किलोचे पाच सिलिंडर. सहावा आणला की वेगळा परवाना लागतो. महानगर गॅसची पाइपलाइन गाळ्यापर्यंत आहे का ते आधी विचारा, कारण ती असली तर हा प्रश्नच राहत नाही. माल आणायला तुर्भ्याचं घाऊक मार्केट जवळ आहे. भाजी, फळं, कांदा-बटाटा, मसाला, धान्य अशी पाचही मार्केटं तिथे आहेत. भाजीचा व्यवहार पहाटेच आटोपतो, आठ वाजता गेलात तर उरलेलं मिळेल.

यात सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते मार्जिनल स्पेसमध्ये. इमारतीभोवती आग विझवायला आणि गाडी फिरायला मोकळी सोडलेली जागा असते. एजंट गाळा २०० चौरस फुटांचा दाखवतो आणि 'पुढची दहा फूट वापरायला आहेतच' म्हणून भाडं ३०० च्या हिशोबाने सांगतो. त्या दहा फुटांत शेड, भट्टी, खुर्च्या मांडल्या की महापालिकेचं अतिक्रमण पथक येतं, तोडतं आणि सामान उचलून नेतं. दंड तुम्ही भरता, भाडं मालकाला पूर्ण द्यावं लागतं. करारात फक्त नकाशातलं क्षेत्रफळ लिहा आणि भाडं त्याच्यावरच ठरवा. तसंच रो-हाउसच्या खालच्या खोलीत दुकान थाटायचं असेल तर ती जागा कागदावर निवासी आहे का ते बघा. वापर बदलण्याची परवानगी नसेल तर शेजाऱ्याची एक तक्रार पुरते.

परवान्यांचं काम आता पूर्वीइतकं किचकट राहिलेलं नाही. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे कामगार ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी असतील तर ऑनलाइन सूचना देऊन पावती घ्यायची, तेवढे किंवा जास्त असतील तर नोंदणी. लोक दोन्हीला गुमास्ताच म्हणतात. खाद्यपदार्थांना अन्न सुरक्षेची नोंदणी, धंद्याच्या स्वरूपाप्रमाणे महापालिकेचा परवाना आणि अग्निशमनाचं ना हरकत. वीज महावितरणची. व्यावसायिक दरात २० किलोवॉटपर्यंतचा भार एका गटात आणि त्यावरचा दुसऱ्या गटात जातो, म्हणून ओव्हन, एसी आणि डीप फ्रीजर यांची बेरीज इलेक्ट्रिशियनकडून करून घेऊन मगच भार मागा. कमी मागून जास्त वापरला तर दंडाचं बिल येतं. भाड्याबद्दल एक प्रश्न हमखास राहून जातो: सांगितलेलं भाडं जीएसटीसह की वेगळं? व्यावसायिक भाड्यावर तो १८ टक्के आहे.

छोटं उत्पादन, पॅकिंग किंवा जुळणी असेल तर जागा एमआयडीसीतच घ्या, सेक्टरच्या गाळ्यात मशीन बसवू नका. एमआयडीसीचा टीटीसी (ट्रान्स-ठाणे क्रीक) औद्योगिक पट्टा दिघ्यापासून तुर्भ्याच्या पुढपर्यंत पसरला आहे. भूखंड ९५ वर्षांच्या पट्ट्याने दिलेले असतात. तुम्ही बहुधा भूखंडधारकाकडून शेड भाड्याने घ्याल, आणि त्याने पोटभाड्याची एमआयडीसीची परवानगी घेतली आहे का हे विचारलंच पाहिजे. नसेल तर तुमच्या पत्त्यावर वीज, प्रदूषण मंडळाची संमती आणि बँकेचं कर्ज तिन्ही अडतात. प्रदूषण मंडळ उद्योगांना पांढऱ्या, हिरव्या, नारिंगी आणि लाल गटांत घालतं. पांढऱ्याला नुसती सूचना पुरते, लाल गटाची जुळवाजुळव लांबलचक. आपला धंदा कुठल्या गटात ते शेड बघायला जाण्याआधी ठरवा. पाणी जास्त लागणाऱ्यांसाठी एक चांगली सोय इथे आहे: ऐरोलीत महापालिकेचा रोज २० दशलक्ष लिटर सांडपाणी तृतीय स्तरापर्यंत शुद्ध करणारा प्रकल्प आहे आणि त्याचं शुद्ध केलेलं पाणी उद्योगांना दिलं जातं. कूलिंग टॉवरला किंवा बागेला पिण्याचं पाणी घालण्याची गरज नाही.

महापालिकेने आणि इथल्या व्यापारी मंडळींनी ऐरोलीची जाहिरात करायची तर आमची एकच मागणी आहे. प्रत्येक इमारतीच्या दारावर एक पाटी लावा: जमीन कुठल्या प्रकारची, ओसीचा क्रमांक आणि तारीख, पाणी कुठल्या लाइनचं. स्वच्छतेत देशात तिसरा क्रमांक मिळवलेल्या शहराला हे अवघड नाही. बाहेरून येणाऱ्याला यापेक्षा मोठा दिलासा दुसरा नाही.

राहणं

शाळा मराठी-इंग्रजी दोन्ही माध्यमांच्या, चालत जाण्याच्या अंतरावर. दत्ता मेघे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८८ पासून इथे आहे. महापालिकेचं राजमाता जिजाऊ रुग्णालय नोडमध्येच, आणि भाजलेल्या रुग्णांसाठीचं नॅशनल बर्न्स सेंटरही इथेच. नाटक बघायचं तर ठाण्याचं गडकरी रंगायतन किंवा वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह. सेक्टर १५ मधलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारक आवर्जून बघा.

आणि खाडी. ठाणे खाडीला २०१५ मध्ये रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचं अभयारण्य म्हणून संरक्षण मिळालं आणि २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा. वन विभागाचं किनारी जैवविविधता केंद्र ऐरोलीतच आहे आणि तिथून रोहित बघायला बोट सुटते. बोटीची वेळ घड्याळावर नाही, भरती-ओहोटीवर ठरते, म्हणून आधी नोंदणी करून त्या दिवसाची वेळ विचारून जा. पाण्यात कोळंबी आणि चिंबोरी, चिखलात निवट्या, त्यांच्यावर जगणारा दिवा कोळीवाडा, आणि मागे गुलाबी थवा. मुंबईच्या इतक्या जवळ असं दृश्य घराच्या गच्चीवरून दिसणारे नोड फार थोडे आहेत. कुणी 'खाडीसमोर पुढे रस्ता आणि बाग होणार' म्हणून जास्त भाव मागत असेल तर त्याला सांगा, कांदळवन तोडायला मनाई आहे आणि ते तसंच राहणार. तुम्ही पैसे त्या हिरव्या पट्ट्याचेच द्या.

पसंत पडलेली जागा तीनदा बघा. एकदा कामाच्या दिवशी सकाळी पावणेनऊला, म्हणजे रस्ता आणि रिक्षा कळतील. एकदा रात्री अकरानंतर, खिडकी उघडून. आणि एकदा पावसाळ्यात, अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास, जेव्हा साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकत्र येतात. तेव्हा नाल्यांचं पाणी खाडीत उतरत नाही, उलट मागे रेटतं. पावसाळ्यापर्यंत थांबणं शक्य नसेल तर तळघरातल्या किंवा स्टिल्टमधल्या पार्किंगच्या भिंती बघा. गुडघ्याच्या खाली पांढरट खारी रेघ दिसली तर वॉचमनला विचारा. पाणी कुठल्या वर्षी आलं होतं आणि कुठल्या गाड्या बुडाल्या होत्या, हे त्याला माहीत असतं.